पित्त, चव आणि सुजेची गोळी : वजनाच्या एका शस्त्रक्रियेचं प्रकरण

पार्श्वभूमी

रेखाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे) आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या २०२२ च्या दिवाळीनंतर, फराळाच्या ऑर्डरी हातावेगळ्या करून. वय ४६, उंची १५२ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५. आठ वर्षांचा मधुमेह, दोन प्रकारच्या गोळ्या, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.४. त्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला इन्शुलिन सुरू करू म्हणून सांगून ठेवलं होतं. गुडघे धरलेले. घोरणं असं की चाळीतल्या शेजारणीला भिंतीपलीकडून ऐकू जायचं. तपासणीत झोपेत श्वास अडकण्याचा विकार निघाला, तोही मध्यम नव्हे, तीव्र.

गिरणगावातल्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आणि त्याच चाळीच्या तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र. केंद्र त्यांचं आणि धाकट्या जाऊबाईंचं, भागीदारीत. रोजच्या तीनशेच्या आसपास पोळ्या, दोन सुक्या भाज्या, एक उसळ, आमटी-भात. संकष्टीला उकडीचे मोदक, संक्रांतीला गुळपोळी, होळीला पुरणपोळी. घरी नवरा, नोकरी करणारा मुलगा, कॉलेजातली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई.

मी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या स्थूलता विभागात आहारतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रिया सर्जन करतात. तिच्याआधीचे दोन महिने आणि नंतरची सगळी वर्षं बरीचशी माझ्या टेबलाशी येतात. त्यामुळे या प्रकरणात जे चुकलं त्यातलं काही माझ्याही हातून चुकलं.

अडचण

वजन ही अडचण त्यांच्या लेखी जुनीच होती. नवीन होतं ते इन्शुलिन. त्यांच्या वडिलांना इन्शुलिन सुरू झालं आणि चार वर्षांत पायाचं बोट कापावं लागलं. रेखाताईंच्या मनात सुई आणि बोट ही जोडी पक्की बसली होती. (सुईमुळे बोट जात नाही, सुई उशिरा सुरू झाल्यामुळे जातं, हे मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.)

आधीचे प्रयत्न भरपूर होते. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचं, असं पाच महिने करून नऊ किलो उतरवले होते, नंतर अकरा चढले. सकाळी राणीच्या बागेत चालणं झालं, ते गुडघ्यांनी बंद पाडलं. एका ओळखीच्या बाईकडून घेतलेली कसलीशी पावडरही झाली.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे दिवसभराचं जेवण लिहून घेतलं. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, थोडा भात, रात्री तेच. चहा चार वेळा. "मॅडम, मी जेवतच नाही फारसं. देवाची शपथ." मी वहीत हिशोब केला, तेराशे-चौदाशे कॅलरी. एवढ्यावर १०४ किलो टिकत नाहीत. पण दिवाळीनंतरची गर्दी होती आणि बाहेर सहा जण बसले होते. मी पुढचं पान उलटलं.

पर्याय

आधी निकष. आपल्याकडे पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेह कमी वजनालाच सुरू होतात, म्हणून आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचे आकडे युरोप-अमेरिकेपेक्षा खाली ठेवलेले आहेत. बरीच वर्षं ते बीएमआय ३७.५, किंवा मधुमेहासारखा सोबतचा आजार असेल तर ३२.५, असे होते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तेही आणखी सैल केले. रेखाताई कुठल्याही पट्टीने निकषात बसत होत्या. त्यामुळे "करता येईल का" हा प्रश्नच नव्हता, "करावी का" एवढाच होता.

पुन्हा आहार-व्यायाम हा पर्याय कागदावर लिहिला, कारण लिहावाच लागतो. पोटात फुगा ठेवणं सहा महिन्यांपुरतं असतं, आणि इतक्या वजनाला ते चिंचोक्याएवढं. औषधांचा विचार गंभीरपणे झाला. सेमाग्लुटाइड या साखर आणि भूक कमी करणाऱ्या औषधाची गोळी २०२२ च्या जानेवारीपासून भारतात मधुमेहासाठी मिळत होती. वजनासाठीची आठवड्याची सुई मात्र तेव्हा इथे आलेली नव्हती. गोळी महाग, कायमची, आणि बंद केली की वजन बरंचसं परत येतं. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "म्हणजे दुसरा हप्ताच ना?" केंद्रासाठी घेतलेल्या कर्जाचा एक हप्ता चालूच होता.

राहिल्या दोन शस्त्रक्रिया. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच असतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. दोन्हींत भूक आणि साखर सांभाळणारी संप्रेरकं बदलतात, म्हणून साखर वजनाच्या आधी उतरायला लागते. स्लीव्ह करायला सोपी आणि नंतरच्या जीवनसत्त्वांच्या कमतरताही कमी. सर्जनचा पहिला कल तिकडेच होता.

घरात वेगळीच चर्चा चालली होती. सासूबाईंचं म्हणणं, "देवाने दिलेलं पोट कापून वजन उतरवायचं? त्यापेक्षा तोंड आवर." दीर तर २०१७ साली इजिप्तहून विमानाने मुंबईत आणलेल्या त्या बाईंचं उदाहरण घेऊन बसले. टीव्हीवर महिनाभर दाखवलं होतं, आणि त्या सप्टेंबरात गेल्या. त्या बाईंचं वजन पाचशे किलोच्या घरात होतं, वर्षानुवर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, ही तुलनाच होत नाही, हे मी सांगितलं. अनुभवी ठिकाणी पहिल्या महिन्यात दगावण्याचं प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास असतं, हेही सांगितलं. दीर म्हणाले, "तो एक कोण, ते आधी कळतं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

निर्णयाची पहिली जागा : पित्त

आमच्या फॉर्मवर एक ओळ आहे, "ॲसिडिटी किंवा रिफ्लक्सचा त्रास आहे का?" रेखाताईंनी "नाही"वर खूण केली होती.

डिसेंबरात दुर्बिणीने तपासणी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चांगलीच सूज होती आणि छोटा हायेटस हर्नियाही. म्हणजे जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून थोडा छातीत सरकलेला. अशी सूज एका रात्रीत येत नाही. मी त्यांना विचारलं, छातीत जळजळ होते का? आंबट पाणी वर येतं का?

"ते पित्त हो, मॅडम. ते तर दहा वर्षं आहे. रात्री उठून बसते. मोरावळा खाते, आमसुलाचं पाणी घेते. ते काय सांगायचं?"

पित्त कुणाला नसतं! आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, चिडचिड झाली तरी पित्त. आजार म्हणून कुणी सांगत नाही, आणि आम्ही त्या शब्दाने विचारलं नव्हतं. तंबाखूचं विचारताना "मिश्री लावता का" असं वेगळं विचारायचं, हे आमच्या विभागातल्या जुन्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं. पित्ताचं कुणी शिकवलं नव्हतं.

यावर निर्णय बदलला. स्लीव्हच्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना जास्तच होतो. आधीच सूज असलेल्या अन्ननलिकेवर स्लीव्ह करणं म्हणजे दोन वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी. बायपासमध्ये आम्ल वर येण्याचा मार्गच जवळपास तुटतो, आणि जुन्या मधुमेहालाही तो अधिक चालतो. पण बायपासच्या अटी कडक. लोह, बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर, आणि पेनकिलर जवळजवळ वर्ज्य. जठर-आतड्याच्या नव्या जोडावर त्यांनी व्रण पडतो.

मी हे सगळं समजावलं. "पेनकिलर घ्यायची नाही" हे वाक्य मी स्वतः तीनदा उच्चारलं, लाल पेनाने लिहूनही दिलं. त्यांनी मान डोलावली.

विम्याचं

यावर फार लिहीत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींनुसार बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ च्या वर असून अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असं काही असेल आणि बाकीचे उपाय फसलेले असतील, तर स्थूलतेची शस्त्रक्रिया वगळता येत नाही. तरीही कॅशलेस अडकलं, कारण जुन्या एका केसपेपरवर उंची १५७ लिहिली होती आणि आमच्याकडे १५२. दोन्ही आकड्यांनी बीएमआय चाळिसाच्या वरच जातो, पण क्वेरी ती क्वेरी. उंची पुन्हा मोजून, सही-शिक्क्यासह पाठवून अकरा दिवस गेले. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी उंची आधीच एकदा नीट मोजून सगळ्या कागदांवर तीच आहे ना, पाहून घ्यावं.

निर्णयाची दुसरी जागा : तारीख आणि चव

तारीख १२ जानेवारी ठरली होती. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अगदी कमी कॅलरींचा पातळ आहार देतो. त्याने चरबीने सुजलेलं यकृत आक्रसतं आणि दुर्बिणीला जागा होते. यकृत मोठं राहिलं तर सर्जनला जठर दिसतच नाही. पहिल्या आठवड्यात या आहारावर तीन-चार किलो सहज उतरतात. रेखाताईंचे उतरले चारशे ग्रॅम.

"ताक, सूप आणि तुम्ही दिलेली पावडर. दुसरं काही तोंडात घातलं असेल तर बघा." डोळ्यांत पाणी. त्या खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी केंद्रावर जाऊन बसले. पोळ्या लाटणाऱ्या दोघी, कणकेचा डोंगर, तीन शेगड्या. मी वहीत रेघा मारत राहिले. बटाट्याच्या भाजीत मीठ बरोबर आहे का, अर्धा चमचा. मटकीची उसळ शिजली का, चार दाणे. आमटीला गूळ कमी वाटतोय, एक घोट, मग गूळ, मग पुन्हा घोट. पहिल्या तव्याची पोळी मऊ पडली का, एक तुकडा. त्यात संक्रांतीची तयारी, तिळगुळाचं सारण घट्ट झालंय का, बोटावर घेऊन. अकरा वाजेपर्यंत एकतीस रेघा झाल्या. मी अंदाज बांधला, साडेपाचशे-सहाशे कॅलरी, बहुतेक तेल, साखर आणि गूळ. दुपारच्या खेपेला पुन्हा तेच.

मी वही दाखवली. त्या बघतच राहिल्या. "अहो, हे खाणं नाही. ही चव आहे."

बरोबरच होतं त्यांचं. मी "जेवण" विचारलं होतं. फार तर "खाणं". चव हा त्यांचा धंदा होता.

इथे दोन मार्ग होते. तारीख तशीच ठेवायची आणि यकृताचं टेबलावर बघू म्हणायचं. किंवा संक्रांत जाऊ द्यायची, आणि मग केंद्रापासून पूर्ण दोन आठवडे लांब राहून पुन्हा पातळ आहार करायचा. रेखाताईंना पहिला मार्ग हवा होता, एकदाचं होऊन जाऊ दे. सर्जन ठाम राहिले. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यातली तारीख घेतली. त्या दोन आठवड्यांत त्या माहेरी, कल्याणला जाऊन राहिल्या आणि साडेचार किलो उतरल्या.

जाऊबाईंना समुपदेशनाला बोलवायचं मात्र आम्हा कुणालाच सुचलं नाही. नवरा, मुलगा, सासूबाईसुद्धा येऊन गेल्या. ज्या बाईच्या शेजारी त्या रोज दहा तास उभ्या असतात, ती राहिली.

शस्त्रक्रिया आणि पहिलं वर्ष

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. त्यातच हर्नियाही दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी चालल्या, चौथ्या दिवशी घरी. आठवड्याभरात मधुमेहाची एक गोळी बंद, सहाव्या महिन्यात दुसरीही.

चाळीतल्या तपशिलांनी आम्हाला बरंच शिकवलं. शौचालय गॅलरीच्या टोकाला, सामाईक. सुरुवातीच्या आठवड्यांत पोट केव्हा ढवळेल सांगता येत नाही, तेव्हा शौचालयापर्यंतची ती पंचवीस पावलं फार लांब असतात. मुलाने आतल्या मोरीत तात्पुरती खुर्चीवजा सोय केली. मऊ आहारात पनीरची भुर्जी, अंडं, मुगाचं गुरगुटं वरण, बोंबलाचं पातळ कालवण असं चाललं. पोळी मात्र चार महिने गेली नाही. कणकेचा गोळा छोट्या पिशवीच्या तोंडाशी बसतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि मग बाहेरच येतं. तीनशे पोळ्या करणाऱ्या बाईला पोळी अडकते, याचं त्यांना हसू यायचं, आणि एकदा रडूही आलं. पाचव्या आठवड्यात घाईने खाऊन तीन दिवस उलट्या झाल्या. अशा वेळी बी१ चं इंजेक्शन वाट न बघता द्यायचं असतं, नाहीतर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ते दिलं.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. वेणी करंगळीएवढी झाली. प्रथिनं सांभाळली तर परत येतात, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं, तरी आरशासमोर सांगितलेलं आठवत नाही.

वजन असं उतरलं : तीन महिन्यांत ८४, सहा महिन्यांत ७५, वर्षाला ६९. एचबीए१सी ६.१, गोळीशिवाय. घोरणं थांबलं. त्या तीन मजले न थांबता चढू लागल्या.

आणि मग लोक. "रेखा, बरी आहेस ना?" "शुगर वाढली का गं?" चाळीत बारीक होणं म्हणजे आजारी पडणं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. खोटंही नव्हतं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, तुमचा खासगी प्रश्न आहे, नाही सांगितलं तरी चालेल. निर्णयाची ही तिसरी जागा होती आणि ती तशी आहे हे मला तेव्हा दिसलंच नाही. गिऱ्हाइकांना न सांगणं वेगळं, आणि नाक्यावरच्या डॉक्टरांना नि औषधवाल्याला न सांगणं वेगळं. मी तो फरक केला नाही.

सप्टेंबर २०२३ : गणपती

१९ सप्टेंबरला गणपती. आदल्या पहाटेपासून मोदकांचं सारण. रेखाताई लाकडी उलथन्याने ओलं खोबरं आणि गूळ परतत होत्या. सवयीने दोन चमचे तोंडात गेले, रिकाम्या पोटी. पंधरा-वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात मुरडा. तांदळाच्या पिठीच्या पोत्याला टेकून खाली बसल्या. जाऊबाईंना वाटलं, हार्ट अटॅक. टॅक्सीने थेट कॅज्युअल्टी.

ईसीजी स्वच्छ होता. हे डम्पिंग : गोड एकदम आतड्यात उतरलं की शरीर पाणी तिकडे ओढतं आणि असा गोंधळ होतो. बायपासनंतर अपेक्षितच. नवऱ्याला माहीत होतं, मुलांना माहीत होतं. शेजारी उभ्या असलेल्या जाऊबाईंना माहीत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "आम्हाला एका शब्दाने सांगितलं असतंत तर साखर घातली नसती मी तिच्या तोंडात." घाबरून त्यांनी वर चमचाभर साखर दिली होती.

त्यानंतर चवीचं काम वाटलं गेलं. गोडाची चव जाऊबाई घेतात, तिखटामिठाची मुलगी. रेखाताई वास आणि रंगावर चालवतात. सारण कढईच्या कडा सोडायला लागलं, उलथनं आडवं धरलं की त्यावर चिकटून न राहता घरंगळलं, की झालं. त्या म्हणतात, पूर्वीपेक्षा सारण आता जास्त एकसारखं होतं.

दुसरं वर्ष : सुजेची गोळी

फेब्रुवारी २०२४ ची वर्षाची भेट झाली आणि त्या दिसेनाशा झाल्या. आमच्याकडून आठवणीचे संदेश जात होते. नंतर कळलं, नोंदवलेला नंबर केंद्राचा ऑर्डरींचा होता. आमचा फोन गेला की पुतण्या विचारायचा, "पार्सल की इथेच घेणार?"

नोव्हेंबरात त्या आल्या त्या मुलाच्या आग्रहाने. थकवा, जिन्यात धाप, चेहरा पांढराफटक. वजन ६८. हिमोग्लोबिन ७.६. लोहाचा साठा तळाला, बी१२ ही कमी.

मी गोळ्यांचं विचारलं. कॅल्शियम कधीमधी. लोहाची गोळी दिवाळीआधीच बंद केली, बद्धकोष्ठ होतं म्हणून. ठीक, कारण सापडलं असं वाटलं आणि मी लिहायलाही लागले. मग सवयीने विचारलं, शी कशी होते?

"काळी. पण ते लोहाच्या गोळीने होतं ना, तुम्हीच सांगितलेलं."

"गोळी बंद करून किती दिवस झाले?"

"दीड महिना."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. गोळी बंद आणि शी काळीच, म्हणजे आतून रक्त जात होतं.

पेनकिलर घेतली का? नाही, अजिबात नाही, लाल पेनाचा कागद अजून कपाटाला चिकटवलेला आहे. मग मुलाने आईच्या पर्समधून एक अर्धी पट्टी काढली. डायक्लोफिनॅकची. उजवा खांदा जून महिन्यापासून वर जात नव्हता. लाटणं फिरवताना कळ यायची. नाक्यावरच्या औषधवाल्याने दिली.

"ही पेनकिलर नाही मॅडम, ही सुजेची गोळी आहे. मी विचारून घेतलं त्यांना."

औषधवाल्याचंही बरोबर होतं. गोळी सुजेचीच असते. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की वहिनींचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय.

दुर्बिणीत जोडावर सेंटिमीटरभर व्रण दिसला. आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल उघडून द्यायला सुरुवात केली. लहान पिशवीतून त्या न विरघळताच पुढे निघून जातात, म्हणून उघडून. सोबत व्रणावर लेप धरणारं सुक्राल्फेट, लोह शिरेतून दोन वेळा, बी१२ ची इंजेक्शनं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा व्रण भरला होता. खांदा निघाला आखडलेला, फ्रोझन शोल्डर. मधुमेहींमध्ये हा नेहमीचा. त्याला फिजिओथेरपी आणि विश्रांती, म्हणजे लाटायला तिसरी बाई. पगार वाढला. जाऊबाईंनी कुरकुर न करता मान्य केलं, हे मी मुद्दाम नोंदवते.

काय वेगळं करता आलं असतं

शस्त्रक्रियेची निवड मी बदलणार नाही. स्लीव्ह केली असती तर हा व्रण बहुधा झाला नसता, असं आमच्या बैठकीत एका सहकाऱ्याने म्हटलं. खरं आहे. पण त्या सुजलेल्या अन्ननलिकेचं काय झालं असतं, हेही बघावं लागतं. बायपास बरोबर होता. त्याच्या अटी आम्ही आमच्या भाषेत सांगितल्या, एवढीच गोष्ट.

पहिल्याच भेटीत मी केंद्रावर गेले असते तर जानेवारीची तारीख वाया गेली नसती, आणि खांदाही तेव्हाच डोळ्यांत भरला असता. तीनशे पोळ्या लाटणाऱ्या मधुमेही बाईचा खांदा कधीतरी धरणार, यासाठी ज्योतिष लागत नाही. पेनकिलर नको म्हणताना, दुखलं तर काय घ्यायचं ते सांगायला हवं होतं. पॅरासिटामॉल चालते, हे लाल पेनाच्या कागदावर नव्हतंच. नुसता नकार लिहिला होता.

आता आमच्या फॉर्मवर पित्त, आंबट ढेकर, छातीत जळजळ हे तिन्ही शब्द आहेत. "दिवसात चव किती वेळा घेता" हा प्रश्न फक्त स्वयंपाकाचा व्यवसाय करणाऱ्यांना नाही, सगळ्या बायकांना विचारते. पुरुषांना "नाक्यावर काय होतं" असं विचारते, त्याचीही उत्तरं मजेशीर येतात. आणि एक छोटं कार्ड देतो, पाकिटात मावेल असं, औषधवाल्याला दाखवायला. त्यावर वजन, लठ्ठपणा असं काहीच नाही. "जठराची शस्त्रक्रिया झाली आहे. अंगदुखीची, सुजेची, सांधेदुखीची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल चालेल." ज्यांना लपवायचं आहे त्यांचं लपून राहतं.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. वर्षानंतर रुग्ण येईनासा झाला की किती पाठपुरावा करायचा? काही जण म्हणतात, सज्ञान माणूस आहे. मला वाटतं, आतड्याची रचना बदलून पाठवलेल्या माणसाला एवढं मोकळं सोडता येत नाही. निदान फोन नंबर तरी दोन घ्यावेत.

आजची स्थिती

जुलै २०२५ मध्ये वजन ७२. सर्वांत कमी ६७ पर्यंत गेलं होतं, तिथून पाच किलो परत आले. एवढं बहुतेकांचं येतं. एचबीए१सी ६.५, मेटफॉर्मिनची एक गोळी पुन्हा सुरू. हिमोग्लोबिन ११.८. कॅल्शियम सकाळी, लोह रात्री, दोन्हींच्या जवळपास चहा नाही. ही शेवटची अट सगळ्यांत जड जाते. गोळ्या-इंजेक्शनांचा खर्च महिन्याला दीड हजाराच्या आसपास. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, पावसाळ्यात घडीत पुरळ येतं. ती काढण्याची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. त्यांनी कोपरापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतलेत.

मागच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर एक जाहिरातवजा बातमी दाखवली. तिर्झेपॅटाइड हे वजन उतरवणारं दुसरं इंजेक्शन मार्चमध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइडची वजनासाठीची सुई जूनमध्ये. "दोन वर्षं थांबले असते तर पोट शाबूत राहिलं असतं का?"

मी आकडे सांगितले. या औषधांनी सरासरी पंधरा ते वीस टक्के वजन उतरतं, घेत राहिल्यास. १०४ चे वीस टक्के म्हणजे एकवीस किलो. त्यांचे आज बत्तीस कमी आहेत, अन् २०२२ सालीच इन्शुलिन दारात उभं होतं. पण काहींच्या बाबतीत थांबणं बरोबर ठरलं असतं आणि पुढे येणाऱ्यांसाठी हा पर्याय खरा आहे, हेही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सुईला मी तयार झाले नसते."

पुढच्या रक्ततपासणीची तारीख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात देत होते. २७ ला गणपती आहेत, म्हणून त्यांनी ती सप्टेंबरात मागून घेतली. दोन्ही फोन नंबर नव्याने लिहून घेतले, एक जाऊबाईंचा.